फरशीवरचे कर्लिंग: इंदूरच्या हॉलमध्ये चार संघांची महिला स्पर्धा कशी भरवावी

कर्लिंग म्हणजे बर्फाच्या पट्टीवरून जड दगड, म्हणजे स्टोन, सरकवत लक्ष्याच्या मध्याजवळ थांबवायचा खेळ. कॅनडातली महिलांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा म्हणजे स्कॉटीज टूर्नामेंट ऑफ हार्ट्स. ती हिवाळ्याच्या उत्तरार्धात, बहुतेकदा फेब्रुवारीत होते. १९८२ साली ती या रूपात सुरू झाली. आता तिच्यात १८ संघ उतरतात, नऊ-नऊच्या दोन गटांत. इंदूरमध्ये बर्फाची पट्टी नाही, पण १४ मीटर लांब आणि गुळगुळीत फरशीचा हॉल मिळाला तर त्या स्पर्धेचा साचा घेऊन महिला मंडळाला दोन दिवसांची छोटी स्पर्धा नीट भरवता येते. चार संघ, प्रत्येकी चार खेळाडू आणि एक राखीव, म्हणजे वीस जणी पुरतात.

फरशीवरच्या कर्लिंगचा बहुतेक ठिकाणी नुसता नेमबाजीचा खेळ होतो. सगळ्या रांगेत उभ्या राहतात, आळीपाळीने स्टोन सोडतात आणि कोणाचा जवळ आला ते बघतात. स्किप (संघनायिका) नाही, गार्ड (वाट अडवायला लक्ष्यापुढे ठेवलेला स्टोन) नाही, शेवटच्या स्टोनचा हिशोब नाही. एवढेच करायचे असेल तर पुढची खटपट करू नका. खालची सगळी मापे आणि नियम डोक्याने खेळायचा खेळ फरशीवरही टिकावा म्हणून दिले आहेत.

हॉल

लागणारी लांबी अशी: स्टोन ढकलायला सुरू करण्याच्या जागेपासून लक्ष्याच्या मध्यापर्यंत १०.५ मीटर, त्यामागे बॅक लाइनपर्यंत ९२ सेंमी, तिच्या मागे निसटलेले स्टोन अडवायला एक मीटर आणि सोडणारीच्या पाठीमागे दीड मीटर. एकूण १४ मीटरच्या आत बसते. रुंदीला पट्टी अडीच मीटर आणि दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर मोकळे, म्हणजे चार मीटर.

पॉलिश केलेली कोटा फरशी सगळ्यांत चांगली. व्हिट्रिफाइड टाइल्स चालतात, पण सांधे ३ मिलिमीटरहून रुंद असतील तर स्टोनखालचा बॉल (आपला स्टोन तीन छोट्या फिरत्या बॉलवर चालतो) त्यात उतरतो आणि स्टोन तिथेच वळतो. अशा वेळी पट्टी सांध्यांना तिरपी आखून बघा, त्रास कमी होतो. खरखरीत सिमेंटचा कोबा आणि लाकडी रंगमंच दोन्ही नकोत.

हॉल पक्का करण्याआधी उताराची परीक्षा करा. एक तयार स्टोन पट्टीच्या जागेत पाच-सहा ठिकाणी अलगद ठेवा आणि हात काढा. जुन्या हॉलमध्ये धुतलेले पाणी मोरीकडे जावे म्हणून फरशीला ढाळ दिलेला असतो, त्यामुळे स्टोन आपोआप चालायला लागतो. ढाळ असला म्हणून हॉल सोडायची गरज नाही. पट्टी ढाळाच्या दिशेने लांबवर आखा. मग स्टोन जरा जास्त किंवा कमी पळेल, आणि खेळाडू दहा मिनिटांत त्याचा अंदाज घेतात. ढाळ आडवा आला तर प्रत्येक स्टोन एकाच बाजूला ओढला जातो. दहा मीटरमध्ये ३० सेंमीहून जास्त ओढ असेल तर पट्टीची दिशा बदलाच.

फेब्रुवारीत लग्नसराई असते आणि शनिवार-रविवारचे हॉल आधीच गेलेले असतात, तेव्हा तारीख दोन-तीन महिने आधी धरा. रंगपंचमीच्या पुढे मात्र ढकलू नका. रंगपंचमीची मिरवणूक, म्हणजे गेर, झाल्यावर गुलाल कित्येक दिवस चपलांबरोबर घराघरांत आणि हॉलमध्ये येत राहतो, आणि बॉलच्या खोबणीत जाऊन बसला की काढताना जीव जातो.

आदल्या रात्री फरशी साध्या पाण्याने पुसा, सकाळी कोरड्या मॉपने. कॅरमची पावडर टाकायचा मोह कोणाला तरी होतोच. टाकू देऊ नका. स्टोन बॉलवर फिरतो, घसरत नाही, त्यामुळे पावडरचा उपयोग शून्य. उलट ती बॉल जाम करते आणि खेळणारीचा पाय घसरतो.

स्टोन

खऱ्या कर्लिंगचा स्टोन ग्रॅनाइटचा असतो, वजन १७.२४ ते १९.९६ किलोच्या दरम्यान. त्यासाठीचा सर्वांत नावाजलेला ग्रॅनाइट स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग या छोट्या बेटावरून येतो. तो दगड बर्फावर फवारलेल्या पाण्याच्या गोठलेल्या थेंबांवरून सरकतो. फरशीवर तेवढे वजन नको. अडीच किलोचा स्टोन पुरतो आणि साठीच्या काकूंनाही झेपतो.

एका स्टोनला हे लागते: १८ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायची १८ सेंमी व्यासाची गोल चकती, १२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटची १६ सेंमी व्यासाची चकती, जिचे वजन जवळपास १.९ किलो भरते. १५ किंवा १६ मिलिमीटरच्या बॉलचे तीन बॉल कॅस्टर. दाराला लावतात तसले एक हँडल. प्लायच्या कडेला चिकटवायची पीव्हीसीची एज बँड पट्टी. आणि नट, बोल्ट, वॉशर. सोळा स्टोन खेळाला आणि दोन जादा, असे अठरा करा. बॉल कॅस्टर ५४ लागतात, ६० घ्या, कारण दोन-चार मुळातच अडकणारे निघतात. हार्डवेअर सियागंजात मिळेल. लोखंडी चकत्या सांवेर रोडकडच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून एकदम कापून घ्या आणि कडा ग्राइंडरने साफ करून मागा, कारण कापल्यावर राहिलेली धार बोटे कापते.

पॉलिश केलेल्या महागड्या टाइल्सवर खेळणार असाल तर नायलॉन बॉलचे कॅस्टर घ्या. स्टीलच्या बॉलखाली वाळूचा कण आला की टाइलवर बारीक ओरखडा उठतो आणि पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, कॅस्टर तीनच, चार नाहीत. तीन पाय कुठल्याही फरशीवर एकाच वेळी टेकतात. चार लावले की एक अधांतरी राहतो आणि स्टोन खडखडत, डोलत जातो. प्लायच्या मध्यापासून ६ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याच्या परिघावर सरळ रेषेत १०.४ सेंमी अंतराने तीन खुणा केल्या की तिन्ही बरोबर सारख्या अंतरावर येतात. दुसरी, लोखंड प्लायपेक्षा लहान ठेवायचे, म्हणजे टक्कर नेहमी प्लायच्या कडेवर होते. कडेला सायकलची ट्यूब लावू नका. रबर धक्का गिळून टाकते, मग समोरच्या स्टोनला जोरात मारले तरी तो वीतभर सरकून थांबतो आणि टेकआउट, म्हणजे समोरच्यांचा स्टोन उडवणे, हा प्रकारच खेळातून जातो. पीव्हीसीची कडक पट्टी धक्का पुढे पोहोचवते.

सगळे स्टोन तयार झाले की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. फरक २० ग्रॅमच्या आत हवा. हलका निघाला तर हँडलच्या बोल्टखाली वॉशर वाढवा. मग प्रत्येक स्टोन जागच्या जागी गरकन फिरवून बघा. लवकर थांबणाऱ्या स्टोनचा एखादा बॉल अडकतो आहे. तो बोटाने फिरवून सापडतो आणि कॅस्टर बदलूनच सुटतो. आठ हँडल लाल आणि आठ पिवळी रंगवा, वर १ ते ८ आकडे घाला.

आखणी

गवंडी मारतात तसे खडूच्या दोरीने सूत मारून आधी मधली रेषा काढा. तिच्यावर लक्ष्याचा मध्य ठरवा. तिथून आडवी जाते ती टी लाइन. आता मध्याला बोटाने दाबून धरलेली दोरी आणि ओला खडू घेऊन चार वर्तुळे काढा, त्रिज्या ९१.५, ६१, ३०.५ आणि ७.५ सेंमी. हे झाले हाऊस, आणि आतले सर्वांत लहान वर्तुळ म्हणजे बटण. खऱ्या पट्टीवर बाहेरचे वर्तुळ १२ फूट व्यासाचे असते, इथे बरोबर अर्धे. बटणाच्या मध्यापासून सोडणाऱ्या बाजूला ३.२ मीटरवर हॉग लाइन, मागे ९१.५ सेंमीवर बॅक लाइन. १०.५ मीटरवर हॅक लाइन, आणि तिच्या पुढे दीड मीटरवर सोडण्याची रेषा. दोन्ही कडांच्या रेषा मधल्या रेषेपासून सव्वा-सव्वा मीटरवर.

लांब रेषांना पातळ इलेक्ट्रिकल टेप चालतो. वर्तुळांना ओला खडूच बरा. हाऊस रांगोळीने भरायची कल्पना मंडळात पाचजणींना तरी सुचेल, आणि दिसायला ते सुंदरच दिसेल. पण रांगोळीचा एक कण बॉलखाली आला की स्टोन हाऊसच्या तोंडाशीच थबकतो. रांगोळी दाराशी काढा. कोटा फरशीवर गेरूही नको, डाग उठतो. हाऊस फ्लेक्सवर छापून अंथरण्याचा उपाय सोपा वाटतो, पण फ्लेक्सची कड उचलली जाते आणि घडीच्या रेघांवर स्टोन उडतो.

बॅक लाइनच्या मागे एक मीटरवर जुनी गादी दुमडून ठेवा.

स्टोन सोडणे

एक गुडघा टेकून किंवा अर्धवट वाकून हँडल धरायचे, हॅक लाइनपासून सरळ ढकलत न्यायचे आणि सोडण्याच्या रेषेआधी बोटे उघडायची. ढकलायचे, फेकायचे नाही. सुरुवातीला सगळ्यांची एकच चूक होते: सोडताना मनगट वळते, स्टोन गरगरत जातो आणि लोकांना वाटते फरशी वाकडी आहे. हँडल सोडल्यावर तळहात लक्ष्याकडे उघडा राहिला तर मनगट सरळ होते असे समजावे. साडी असेल तर पदर खोचून घ्यावा आणि निऱ्या घोट्याच्या वर बांधाव्यात. स्टोनबरोबर पुढे जाताना निरीवर पाय पडणे हा इथला सर्वांत मोठा अपघात. पायात रबरी तळाचे बूट.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी काठी करा: पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा सव्वा मीटरचा तुकडा, टोकाला हँडलवर बसेल असा यू आकाराचा आकडा. काठीने उभ्याने ढकलणे खऱ्या कर्लिंगमध्येही मान्य आहे, व्हीलचेअर कर्लिंग बहुतांशी त्यावरच चालते. म्हणून काठीवालीला वेगळ्या संघात बसवू नका.

बर्फावर स्टोन जातो तेव्हा दोघी जणी पुढे घासत पळतात. घासल्याने घर्षण घटते, स्टोन लांब जातो आणि कमी वळतो. फरशीवर घासून काही होत नाही, म्हणून झाडू काढून टाका, पण त्या दोघींना बसवू नका. सोडण्याच्या रेषेपासून हॉग लाइनपर्यंत स्टोनला किती सेकंद लागले हे एकीने मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्यावे, दुसरीने वहीत लिहावे. वीस स्टोन झाले की बटणावर थांबणाऱ्या स्टोनचा आकडा हाती येतो, आणि तो हॉलगणिक वेगळा असतो. बर्फावर हेच एका टोकाच्या हॉग लाइनपासून दुसऱ्या टोकाच्या हॉग लाइनपर्यंत मोजतात. चांगल्या बर्फावर हाऊसमध्ये थांबणाऱ्या स्टोनला १४ सेकंदांच्या आसपास लागतात.

बर्फावरचा स्टोन फिरत फिरत वळतो, त्यामुळे गार्डच्या आडून मागे जाऊन बसता येते. बॉलवरचा सरळच जातो. सोडण्याची जागा एकच ठेवली तर समोर एक गार्ड आला की रस्ता बंद आणि खेळ संपला. यावर उपाय एकच: हॅक लाइनच्या पूर्ण रुंदीत कुठूनही सोडायची मुभा द्या. मग कोनातून गार्डच्या बाजूने बटण गाठता येते. किती बाजूला सरकायचे याचा हिशोब सोपा आहे. गार्ड मधल्या रेषेवर बटणापासून जितके मीटर पुढे असेल त्या आकड्याने १८९ ला भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येते. गार्ड ३ मीटरवर असेल तर ६३ सेंमी, २ मीटरवर असेल तर सुमारे ९५ सेंमी. वर पाच सेंमी सुटीचे धरा. सव्वा मीटरच्या कडेतून स्टोनची स्वतःची अर्धी रुंदी वजा जाते, म्हणून १.६ मीटरहून जवळ ठेवलेल्या गार्डमागचे बटण जवळजवळ सुरक्षित असते. लीड, म्हणजे आपल्या संघाचे पहिले स्टोन टाकणाऱ्या, दोघींनी सराव करायचा तो याच जागेचा: हाऊसच्या तोंडापासून हातभर पुढे.

हॅमर

प्रत्येक एंडमध्ये, म्हणजे फेरीत, दोन्ही संघ आठ-आठ स्टोन आळीपाळीने टाकतात. शेवटचा, सोळावा स्टोन ज्यांचा, त्यांच्याकडे हॅमर. एंडनंतर बटणाला सर्वांत जवळ ज्यांचा स्टोन, त्यांनाच गुण. आणि समोरच्यांच्या सर्वांत जवळच्या स्टोनपेक्षा आत आपले जितके, तितके गुण. ज्यांनी गुण घेतले त्यांचा हॅमर जातो. कोणालाच गुण नाही, म्हणजे ब्लँक झाला, तर हॅमर जिथल्या तिथे राहतो. सगळा डाव या दोन वाक्यांवर उभा आहे.

हॅमर हातात असताना एकच गुण मिळाला तर तो तोटा समजा, कारण एका गुणाच्या बदल्यात शेवटचा स्टोन समोरच्यांना दिला. म्हणून हॅमरवाल्यांचे लक्ष्य दोन गुण. दोन जमत नसतील तर शेवटचा स्टोन हाऊसमधून आरपार घालवून ब्लँक करायचा आणि हॅमर राखायचा. ज्यांच्याकडे हॅमर नाही, त्यांनी समोरच्यांना एकावर अडवायचे किंवा गुण चोरायचा.

यावरून गार्ड कुठे ठेवायचा ते ठरते. हॅमर नसेल तर गार्ड मधल्या रेषेवर, कारण शेवटच्या स्टोनचा बटणाकडचा रस्ता अडवायचा आहे. हॅमर असेल तर गार्ड बाजूला, हाऊसच्या कोपऱ्यापुढे, म्हणजे एक स्टोन त्याआड लपतो आणि मधला रस्ता शेवटच्या स्टोनसाठी मोकळा राहतो. हॅमर असताना लीडने सवयीने मधोमध गार्ड टाकला तर तिने स्वतःच्या स्किपचा रस्ता बुजवला.

पहिले पाच स्टोन होईपर्यंत हॉग लाइन आणि टी लाइनच्या मधला, हाऊसच्या बाहेरचा समोरच्यांचा गार्ड खेळाबाहेर घालवता येत नाही. घालवला तर तो परत जागेवर ठेवतात आणि मारणारा स्टोन उचलतात. मधल्या रेषेला टेकलेला गार्ड त्या काळात रेषेवरून बाजूलाही सरकवता येत नाही. हे दोन्ही नियम जसेच्या तसे ठेवा. आता मोजा: हॅमर नसलेल्यांचा स्टोन पहिला, तिसरा, पाचवा, हॅमरवाल्यांचा दुसरा, चौथा, सहावा. गार्ड उडवायची पहिली संधी सहाव्या स्टोनला, म्हणजे हॅमरवाल्यांच्या सेकंडला (लीडनंतर टाकणारीला) मिळते. म्हणूनच संघात सर्वांत जोरकस आणि सरळ मारणारी सेकंडला हवी. बहुतेक नवे संघ तिला स्किप करतात आणि तिथेच फसतात. स्किपला जोर कमी असला तरी चालेल. तिला हळुवार स्टोन अचूक थांबवता यायला हवा आणि हिशोब यायला हवा.

शेवटच्या एंडचे हिशोब संघाने आधीच पाठ करावेत. बरोबरी आणि हॅमर आपला असेल तर एकच गुण पुरतो, तेव्हा मधला रस्ता उघडा ठेवा आणि आपले पहिले स्टोन बाजूला टाका. एका गुणाने पुढे आणि हॅमर समोरच्यांचा असेल तर त्यांना एकच गुण घेऊ द्यायला हरकत नाही, कारण जादा एंडला हॅमर आपल्याकडे येतो. कोपऱ्यातले गार्ड सहाव्या स्टोननंतर साफ करत राहा. एका गुणाने मागे आणि हॅमर आपला असेल तर दोन्ही कोपऱ्यांत गार्ड टाकून हाऊसमध्ये गर्दी करा. शेवटच्याच्या आधीच्या एंडला बरोबरी आणि हॅमर आपला असेल तर दोन गुण घ्या, ते जमत नसतील तर एकापेक्षा ब्लँक बरा.

हे डोळ्यांना दिसायला हवे असेल तर स्पर्धेच्या आठवडाभर आधी कॅनडातला एखादा सामना मंडळात एकत्र बघा. रेचल होमनच्या संघाने २०२४ साली कॅलगरीला आणि २०२५ साली थंडर बेला स्कॉटीजचे विजेतेपद मिळवले. कॅलगरीतली अंतिम लढत त्यांनी जेनिफर जोन्सच्या संघाविरुद्ध ५–४ अशी जिंकली. जोन्स आणि त्यांच्या आधीच्या कॉलीन जोन्स, दोघींच्या नावावर सहा-सहा राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. बघताना गुणफलकाकडे कमी आणि स्किपच्या झाडूकडे जास्त बघा, कारण ती झाडू टेकवून नेम दाखवते. झाडू कुठे टेकवला, आणि तिथेच का, हे प्रत्येक स्टोनआधी कोणीतरी मोठ्याने सांगायचे. थेट बघणार असाल तर वेळ अशी धरा: फेब्रुवारीत थंडर बे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, विनिपेग साडेअकरा, कॅलगरी साडेबारा, हॅलिफॅक्स साडेनऊ. थंडर बेला संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना इंदूरला पहाटे साडेपाचला दिसेल. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे पुढे जातात, मग प्रत्येक फरकातून एक तास वजा करा. साखळीतला सकाळी नऊचा सामना इथे संध्याकाळी साडेसातला पडतो, मंडळासाठी तोच सोयीचा.

दोन दिवसांचा कार्यक्रम

चार एंडचा सामना ठेवा. बर्फावर दहा एंड असतात आणि प्रत्येक संघाला विचारासाठी ३८ मिनिटे मिळतात. त्या प्रमाणात चार एंडला १५ मिनिटे होतात. प्रत्येक संघासाठी एक मोबाइल टायमर लावा. समोरच्यांचा स्टोन थांबून स्थिर झाला की आपला सुरू, आपला स्टोन सुटला की बंद. टायमर नसला तर चर्चा लांबत जाते आणि सहावा सामना रात्री आठला सुरू होतो. असा सामना पन्नास मिनिटांत आटपतो.

शनिवारी सगळ्या संघांनी एकमेकांशी खेळायचे, सहा सामने. सकाळी दहाला सुरू करून मध्ये जेवणाची सुटी धरली तर पाचपर्यंत होतात. रविवारी बाद फेरी, आणि ती मोठ्या स्पर्धेसारखीच: पहिला विरुद्ध दुसरा, तिसरा विरुद्ध चौथा. पहिल्या लढतीतला विजेता थेट अंतिम फेरीत. तिथला पराभूत आणि दुसऱ्या लढतीतला विजेता उपांत्य सामना खेळतात. पहिल्या दोघांना एक हार परवडते, खालच्या दोघांना नाही. शनिवारी क्रमांकासाठी झटण्याला म्हणूनच अर्थ राहतो. अंतिम सामना सहा एंडचा करा, टायमर २३ मिनिटांचा.

प्रत्येक साखळी सामन्याआधी हॅमर नाणेफेकीने देऊ नका. प्रत्येक संघातल्या दोघींनी एक-एक स्टोन बटणाकडे टाकायचा, मध्यापासून स्टोनच्या जवळच्या कडेपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचे, दोन्हींची बेरीज करायची. कमी बेरीज त्यांचा हॅमर. हाऊसबाहेर राहिलेल्या स्टोनचे ९२ धरा. या बेरजा जपून ठेवा: साखळीत दोन संघ बरोबरीत आले तर आधी त्यांच्यातला निकाल बघायचा, तिघे अडकले तर तिन्ही सामन्यांच्या बेरजा. बाद फेरीत वरच्या क्रमांकाला पहिल्या एंडचा हॅमर.

पंच आणि मोजणी

हॉग लाइन पूर्ण न ओलांडलेला स्टोन उचलायचा. दुसऱ्या स्टोनला लागून थांबला असेल तर राहू द्यायचा. बॅक लाइन पूर्ण ओलांडलेला आणि कडेच्या रेषेला टेकलेला, दोन्ही बाद. बाहेरच्या वर्तुळाला वरून बघताना जरा जरी शिवत असेल तरी स्टोन हाऊसमध्ये. प्लायची कड फरशीपासून वर असते, म्हणून डोळ्याने ठरवू नका. गुण्या उभा धरून कडेला लावा आणि खाली रेषेवर येतो का बघा.

गुण किती हे दोन्ही संघांच्या व्हाइस, म्हणजे उपनायिका, ठरवतात. त्यांचे एकमत होईपर्यंत एकाही स्टोनला हात लावायचा नाही. सर्वांत जास्त भांडणे इथेच होतात: एंड संपला की उत्साहाने कोणीतरी स्टोन गोळा करायला धावते आणि मग मोजायला काही उरत नाही. दोन स्टोन डोळ्यांना सारखेच जवळ वाटले तर मीटर टेप नको, तो लवतो. सरळ लाकडी पट्टीच्या टोकाला बोथट खिळा ठोका, तो बटणाच्या मध्यावर टेकवून पट्टी स्टोनजवळ फिरवा आणि कड जिथे येते तिथे पेन्सिलची खूण करा. मध्याची खूण दर तीन-चार एंडनंतर नव्याने उठवा. पुसट मध्यावरून केलेली मोजणी कोणी मान्य करत नाही.

चालता स्टोन आपल्याच कोणाच्या पायाला लागला तर तो थांबू द्या आणि निर्णय समोरच्या स्किपवर सोडा. गुणफलकावर एंडचे आकडे वर, दोन संघ खाली, आणि हॅमर कोणाकडे हे नावापुढे तारा काढून. तारा पुसायला विसरलात तर पुढच्या एंडला पहिला स्टोन कोणाचा यावर गोंधळ ठरलेला.

सामन्यांच्या मध्ये कोरडा मॉप एकदा फिरवा आणि प्रत्येक स्टोन उलटा करून तिन्ही बॉल बोटाने फिरवा. एखादा स्टोन सतत डावीकडेच जात असेल तर खेळाडूला दोष देण्याआधी हे करा. बहुतेक वेळा बॉलच्या खोबणीत लांब केस गुंडाळलेला सापडतो. चिमट्याने ओढला की स्टोन सरळ चालतो. सुटत नसेल तर जादा स्टोन घ्या, दोन्ही स्किपना सांगून.

स्पर्धा झाली की कॅस्टर रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा आणि प्रत्येक बॉलवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. पावसाळ्यात गंज धरू नये एवढ्यापुरते ते तेल. पुढच्या खेपेला खेळण्याआधी कापडाने पूर्ण पुसा, नाहीतर पहिल्याच दिवशी धूळ ओढून घेते. स्टोन बॉलवर उभे ठेवू नका. जुन्या खोक्यात आडव्या फळ्या टाकून हँडल खाली लोंबतील आणि बॉल वर राहतील असे ठेवा, वर जुनी चादर.